पाणी घालूनही झाड माना टाकतंय? दाब कुठे तुटतोय ते असं शोधा

कुंडीत ओल आहे, खत दिलंय, कीड दिसत नाही, तरी रोज दुपारी झाड माना टाकतं. ही तक्रार मार्चपासून सुरू होते, पावसाळ्यात वेगळ्या रूपात येते आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा डोकं वर काढते. जवळजवळ प्रत्येकानं उपाय एकच केलेला असतो: आणखी पाणी. पुष्कळ झाडं या जास्तीच्या पाण्यानंच जातात, आणि तेच मला बघवत नाही.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. झाड कोमेजलं याचा अर्थ एवढाच, की पानांतल्या आणि कोवळ्या दांड्यांतल्या पेशींमधला पाण्याचा दाब उतरलाय. तो का उतरला हे त्यातून कळत नाही. माती कोरडी असेल, मुळं गुदमरली असतील, मातीत क्षार साठले असतील, खोडातल्या वाहिन्या तुंबल्या असतील किंवा ऊनच असं असेल की पुरवठा पुरा पडत नाही. यातल्या पहिल्या कारणावर पाणी हा उपाय आहे. बाकीच्यांवर ते एक तर निरुपयोगी ठरतं किंवा घातक.

झाड उभं राहतं ते कशावर

आंब्याचं खोड लाकडावर उभं असतं. टोमॅटोचा शेंडा, मिरचीचं पान, कोथिंबिरीची काडी, नुकतं लावलेलं वांग्याचं रोप यांच्यात लाकूड जवळजवळ नसतंच. ही सगळी पेशींत कोंडलेल्या पाण्यावर उभी राहतात. जुनी तुळस कोमेजते तेव्हा बुंधा तसाच ताठ असतो आणि फक्त शेंडे लोंबतात, ते याचमुळे.

पूर्ण वाढलेल्या पेशीचा ८० ते ९० टक्के भाग एकट्या रिक्तिकेनं व्यापलेला असतो. रिक्तिका म्हणजे पाण्यानं भरलेला कप्पा. त्या पाण्यात साखर, पोटॅशियम, सेंद्रिय आम्लं विरघळलेली असतात. आत विरघळलेलं जास्त आणि बाहेर कमी, म्हणून बाहेरचं पाणी पेशीच्या पातळ पटलातून आत येत राहतं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. पेशीला भिंत नसती तर ती फुगून फुटली असती. सेल्युलोजची भिंत तिला धरून ठेवते. पाणी आतून भिंतीला रेटतं, भिंत पाण्याला रेटते, शेजारच्या पेशी एकमेकींना रेटतात, आणि कोवळी दांडी ताठ उभी राहते.

हा रेटा किरकोळ नाही. ताज्या, टवटवीत पानाच्या पेशीत दाब साधारण ३ ते १० बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास असतो, म्हणजे मेथीचं पानही टायरपेक्षा जास्त दाबावर जगतं. हे अंदाजाचे आकडे नाहीत. १९७०च्या दशकात जर्मनीत उल्रिश त्सिमरमान, एर्न्स्ट स्टॉयडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल भरलेली काचेची अतिसूक्ष्म नळी थेट एकेका पेशीत खुपसून दाब मोजायची पद्धत बसवली. मला हे काम फार थोर वाटतं, कारण तोवर हा दाब आडवळणानंच काढावा लागे.

घरी पाहायचं असेल तर पातीच्या कांद्याची एक ताजी पात घ्या. दोन इंचांचा तुकडा कापा, सुरीनं त्याच्या उभ्या, बारीक पट्ट्या करा आणि गार पाण्यात टाका. थोड्या वेळानं प्रत्येक पट्टी बाहेरच्या बाजूला वळून गोल झालेली दिसेल. पातीचं बाहेरचं साल मेणचट आणि आवळलेलं असतं, ते फारसं ताणलं जात नाही. आतल्या मऊ पेशी मात्र पाणी पिऊन फुगतात. पात अखंड असते तेव्हा आतल्या पेशी बाहेर रेटत असतात आणि साल त्यांना आवळून धरत असतं. या ओढाताणीतूनच ती ताठ राहते. आता त्याच पट्ट्या मिठाच्या दाट पाण्यात टाका. थोड्या वेळात त्या लुळ्या पडतात. पट्ट्या त्याच, भांड्यात पाणीही भरपूर, आणि तरी पात कोमेजली. हे नीट लक्षात ठेवा, क्षारांपाशी आल्यावर उपयोगी पडेल.

पहिली तपासणी: पहाटे उठून बघा

लोक झाडाचा फोटो पाठवून विचारतात, पण दुपारी दोन वाजता काढलेल्या फोटोवरून मी कधीच काही सांगत नाही. फोटो सूर्य उगवायच्या आधीचा हवा.

कारण असं: दिवसा पानांवरची पर्णरंध्रे उघडी असतात आणि त्यांतून वाफ बाहेर जात असते. कडक उन्हात, कोरड्या वाऱ्यात पानं जितकं पाणी सोडतात तितकं मुळं त्याच वेगानं वर पोचवू शकत नाहीत. दुधी, भोपळा, काकडी, सूर्यफूल अशी रुंद पानांची झाडं तर ओल्या मातीतही दुपारी लोळतात. संध्याकाळी ऊन उतरलं की ती आपोआप सावरतात. रात्री पर्णरंध्रे मिटतात, वाफ थांबते, मुळं पाणी ओढत राहतात आणि पहाटेपर्यंत दाब भरून येतो. म्हणून पहाट ही झाडाची सगळ्यात चांगली वेळ.

पहाटे झाड ताठ असेल, त्यातही टोमॅटोच्या पानांच्या कडांवर पाण्याचे बारीक थेंब दिसत असतील, तर मुळं धडधाकट आहेत. ते थेंब दवाचे नसतात. मुळांनी रात्रभर वर ढकललेलं जास्तीचं पाणी पानांच्या टोकांतून बाहेर आलेलं असतं. अशा झाडाला पाण्याऐवजी सावली द्या. दुपारी बारा ते चार हिरवी शेडनेट, मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर तिच्या उन्हाकडच्या बाजूला गोणपाट. काळ्या कुंडीची बाजू दुपारी हात लावून बघा. आतली पांढरी मुळी तिला चिकटूनच असते आणि तीच आधी भाजते.

दुपारचं हे लोळणं रोज होत असेल तर ते साधं आहे म्हणून सोडूनही देऊ नका. पेशी मोठी होते ती आतल्या दाबानं भिंत ताणली गेल्यावरच. दाब उतरला की वाढ थांबते, पानं लहान राहतात, टोमॅटोची फुलं गळतात. कॅल्शियमही पाण्याच्या ओघाबरोबरच फळापर्यंत पोचतं. पाण्याचा पुरवठा एक दिवस भरपूर, दोन दिवस ओढीचा असा हेलकावत राहिला की टोमॅटोचा तळ काळा पडतो, आणि लोक मग वरून कॅल्शियमच्या फवारण्या करत बसतात.

पहाटेही झाड मलूल असेल तर दोष मातीत, मुळांत किंवा खोडात आहे. पुढचं सगळं त्या झाडांसाठी.

माती: ओली दिसते म्हणजे ओली असतेच असं नाही

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. वरचा थर पाहून ठरवू नका, तो दोन्हीकडून फसवतो. वर कोरडं आणि खाली चिखल असतो, किंवा वर ओलं आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा असतो.

हा दुसरा प्रकार कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंड्यांत फार होतो. कोकोपीट किंवा सेंद्रिय मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरायलाच तयार होत नाही. मिश्रण आकसून कुंडीच्या कडेनं फट पडते, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत येतं, आणि तुम्हाला वाटतं झाड भरपूर प्यायलं. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावरही हलकी लागत असेल तर रोग सापडला. मुळांनी भरलेल्या जुन्या कुंडीतही हेच होतं. अशी कुंडी बादलीभर पाण्यात काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा आणि बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. मुळांचा गुंता झालेला असेल तर मोठी कुंडी हवीच.

काळ्या मातीचं गणित निराळं आहे. चिकणमातीचे कण इतके बारीक, की पाणी त्यांच्याभोवती घट्ट धरलेलं असतं. १९१२ मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी वेगवेगळ्या मातींत झाडं वाढवून, ती कायमची कधी कोमेजतात ते मोजलं होतं. पुढे ती मर्यादा साधारण १५ बार ओढीची धरली गेली: माती पाण्याला त्याहून घट्ट धरू लागली की बहुतेक पिकांना ते ओढता येत नाही. वाळूत त्या वेळी पाणी जवळजवळ संपलेलं असतं. भारी काळ्या जमिनीत मात्र वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी शिल्लक असू शकतं. म्हणजे ढेकूळ हाताला गार लागतं आणि झाड तहानेनं मान टाकतं. शेतातली निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका असं मी सांगतो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तिच्यात पाणी साचून मुळं गुदमरतात, ते लगेच पुढे आहे.

मुळं: जास्त पाण्यानं झाड तहानतं

सगळ्यात जास्त झाडं इथे मरतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

मुळं जिवंत आहेत आणि त्यांनाही श्वास लागतो. मातीच्या पोकळ्यांत काही हवा, काही पाणी अशी वाफशाची स्थिती असली की त्यांचं बरं चालतं. पोकळ्या पाण्यानं भरून गेल्या की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या मानानं फारच हळू पसरतो. मग काही तासांतच मूळ पाणी घेणं कमी करतं. पाण्यात बुडालेलं मूळ पाणी का घेत नाही, याचं उत्तर पेशीच्या पटलात आहे. पटलातून पाणी जाण्यासाठी प्रथिनांचे खास मार्ग असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ऑक्सिजन तुटला की मुळाच्या पेशीतला रस आम्लधर्मी होतो आणि हे मार्ग मिटतात. भोवती पाणीच पाणी, पण आत शिरायची वाट बंद. वर पानांतून वाफ जातच राहते, पेशींतला दाब उतरतो, झाड कोमेजतं. ते पाहून घरातलं कुणीतरी प्रेमानं आणखी एक तांब्या ओततं.

ओळखायचं कसं? माती ओली आणि झाड मलूल असेल तर संशय इथेच घ्या. खालची पानं पिवळी, मातीला आंबूस किंवा कुजकट वास, कुंडीतून रोप अलगद बाहेर काढलं तर मुळं तपकिरी. चांगली मुळी पांढरी आणि करकरीत असते. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल निघून हातात येतं आणि मधला दोरा तेवढा उरतो.

पाणी ताबडतोब बंद करा. ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांवर ठेवा, खालचं भोक काडीनं मोकळं करा. मुळं बहुतेक पांढरी असतील तर एवढं पुरतं. बरीच कुजली असतील तर कुजलेला भाग कापा, नवीन, निचऱ्याच्या मिश्रणात लावा आणि वरची पानंही त्या मानानं छाटा, कारण उरलेल्या मुळ्यांना तेवढी पानं पोसता येणार नाहीत. मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेली चालते, पण निचरा न सुधारता नुसतं ट्रायकोडर्मा घालून काही होत नाही. आठवडाभर सावलीत ठेवा. या काळात खत अजिबात नको.

नवीन लावलेलं रोप कोमेजतं त्याची गोष्ट याच्या जवळचीच आहे. उपटताना बारीक पांढरी मुळी तुटते आणि पाणी घेण्याचं बहुतेक काम तीच करत असते. म्हणून लावणी संध्याकाळी करावी, मुळाभोवतीची माती सुटू देऊ नये, दोन-चार दिवस सावली करावी.

क्षार: भरल्या कुंडीत दुष्काळ

मिठाच्या पाण्यातली ती पात आठवा. मातीतलं पाणी खारट झालं की तेच मुळांबाहेर घडतं. पाणी आत ओढायला आतला रस बाहेरच्यापेक्षा दाट हवा. बाहेरच दाटपणा वाढला की ओढ कमी पडते.

हे आकड्यांत मांडता येतं. मातीच्या द्रावणाचा ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, जितकी डेसिसिमेन्स प्रति मीटर भरेल त्याला ०.३६ नं गुणलं की परासरण दाब अंदाजे बारमध्ये मिळतो. ईसी ४ च्या पुढे गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. तिथे हा दाब सुमारे दीड बार होतो. माती निम्मी सुकली की मीठ तेवढंच राहतं आणि पाणी अर्धं होतं, म्हणजे दाब दुप्पट. म्हणून क्षार साठलेल्या कुंडीतलं झाड पाणी घातल्यावर सावरतं आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा मान टाकतं. सांगली-कोल्हापूरकडे उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तिथल्या पिकाचीही हीच गत आहे.

कुंडीत क्षार येतात कुठून? विद्राव्य खतं दर चार दिवसांनी, वर एप्सम सॉल्ट, वर डीएपी खताचे दाणे, वर बोअरचं पाणी. खुणा अशा: मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी पापुद्री, कुंडीच्या काठावर खरखरीत थर, पानांच्या कडा आणि टोकं करपलेली.

सोसायटीत बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलेला असेल तर तिकडे खास लक्ष द्या. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. भांड्यांवर डाग पडत नाहीत, पण झाडांना ते पाणी वाईट. सोडियममुळे चिकणमातीची घडण मोडते, ती लिबलिबीत होते, निचरा अडतो, आणि मग वरच्या मुळं गुदमरण्याच्या प्रकरणात आपण परत येतो. झाडांसाठी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी मिळतंय का बघा. पावसाचं साठवता आलं तर उत्तमच.

साठलेले क्षार काढायचे तर कुंडी धुवावी लागते. कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट चांगलं पाणी हळूहळू, थांबत थांबत वरून सोडा आणि खालून वाहून जाऊ द्या. ते ताटलीत साठू देऊ नका, नाहीतर सुटलेले क्षार परत शोषले जातील. निचरा चांगला असेल तरच हे करा. पुढे महिनाभर खत बंद.

खोड: वाहिन्या तुंबल्या की काय

माती ठीक, मुळं पांढरी, क्षार नाहीत, आणि हिरवंगार टोमॅटोचं झाड दोन दिवसांत पान पिवळं न पडता लुळं झालं, तर जिवाणूजन्य मर असण्याची शक्यता मोठी. वांगी, मिरची, बटाटा, आलं यांच्यावरही हा रोग येतो. जमिनीजवळचा खोडाचा तीन इंचांचा तुकडा कापा आणि पारदर्शक पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक जेमतेम बुडेल असा, अधांतरी धरा. हलवू नका. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागला तर निदान झालं. जलवाहिन्यांत जिवाणू आणि त्यांचा चिकट स्राव भरलाय आणि पाणी वर जायची वाटच उरलेली नाही.

खालची पानं आधी पिवळी, तीही पुष्कळदा एकाच बाजूची, आणि खोड उभं चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या तर ती बुरशीजन्य मर, फ्युजॅरियमची. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. पुढच्या लागवडीआधी निंबोळी पेंड आणि झेंडू. दोन्ही मरींवर झाड वाचवणारं औषध नाही, कुणी बाटली विकत असला तरी.

वांग्याचा मात्र एकच शेंडा लोंबत असेल आणि बाकी झाड ताठ असेल तर काळजी कमी आहे. तो शेंडा कोमेजल्या जागेच्या दोन बोटं खाली कापा, उभा चिरा. आत पोकळ बोगदा आणि गुलाबीसर अळी सापडेल: शेंडा व फळ पोखरणारी अळी. असे शेंडे दिसतील तसे कापून नष्ट करा, झाड बाजूनं फुटतं.

किती दिवस वाट बघायची

कोरडेपणानं लवलेलं पान पाणी मिळाल्यावर काही तासांत, फार तर दुसऱ्या पहाटेपर्यंत सावरतं. मुळं गुदमरलेलं झाड आठ-पंधरा दिवस घेतं, कारण त्याला नवी मुळी फोडायची असते. शेंड्याला बारीक ताठ पान आलं की समजा ते लागलं. पान कुरकुरीत झालं असेल तर तिथल्या पेशींची पटलं फाटलेली असतात आणि त्यांत पुन्हा दाब भरत नाही, ते पान काढून टाका. खोडाचं साल नखानं खरवडून खाली हिरवं लागलं तर झाड टाकू नका.

जिवाणूजन्य मर निघालेलं झाड मातीसकट पिशवीत भरून कचऱ्यात द्या, कंपोस्टात नको. कात्री आणि कुंडी ब्लीचच्या पाण्यानं धुवा. जमिनीत लावलेलं असेल तर त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आलं किमान दोन-तीन वर्षं घेऊ नका. तिथे मका लावा.